गोलमागे उभा राहून

गोंदियात फुटबॉल संघाचा मॅनेजर म्हणजे काय, ते आधी सांगतो. मोठ्या क्लबात प्रशिक्षक वेगळा असतो, मॅनेजर वेगळा, गोलकीपरांना शिकवणारा आणखी वेगळा. आमच्याकडे ही सगळी कामं एकाच माणसाच्या गळ्यात असतात. स्पर्धेचा अर्ज भरायचा, जन्मदाखले आणि बोनाफाईड गोळा करायचे, रेल्वेचं आरक्षण बघायचं, फाटलेली जाळी शिवायची, मैदानावर फक्की मारायची, आणि एवढं झाल्यावर आज कोण खेळणार आणि कोण बसणार, हेही ठरवायचं. २००० सालापासून मी हे करतो आहे. त्याआधी मी गोलकीपर होतो.

गोलकीपर म्हणून केलेल्या चुका मला लपवता आल्या नाहीत. हातातून चेंडू निसटला की जाळीत जातो, शिटी वाजते, सगळं मैदान बघतं. मॅनेजर झाल्यावर केलेल्या चुका मात्र कुणाला दिसल्याच नाहीत. दर वेळी त्या कुठल्या ना कुठल्या मुलाच्या नावावर मांडल्या गेल्या. अमक्याने पास चुकवला, तमक्याने गोल खाल्ला, अमका सरावाला येईनासा झाला. त्यांतल्या काही आता माझ्या नावावर घेतो.

मी खेळायला लागलो तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. गावात फुटबॉल होता तो रेल्वेमुळे. हावडा-मुंबईचा मोठा मार्ग, शिवाय बालाघाट-नैनपूरवरून जबलपूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी. नोकरीसाठी आलेली बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी कुटुंबं रेल्वेच्या वसाहतीत राहायची आणि ड्युटी संपवून मोठी माणसं संध्याकाळी मैदानात उतरायची. त्यांना गोलात उभं राहायला कुणी तरी लागायचं. मी उंच होतो आणि पडायला भीत नव्हतो, एवढ्यावर माझी नेमणूक झाली. मैदान मुरमाचं. कोपर आणि मांडीची बाजू सोलून निघाली तरी उठून पुन्हा उभं राहायचं, हे माझं पहिलं शिक्षण.

त्या वयात माझा देव एकच, गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकर क्लबचे गोलकीपर, गोव्याचे कर्णधार, भारताचे कर्णधार. १९८३ साली गोव्याने संतोष ट्रॉफी बंगालबरोबर वाटून घेतली आणि १९८४ मध्ये एकट्याने जिंकली. पेपरात आलेला त्यांचा फोटो मी वहीत चिकटवला होता. गोलात उभा राहणारा माणूस अख्खा संघ चालवू शकतो, हे माझ्या मनात त्या फोटोपासून बसलं. ते खोटं नव्हतं, पण मी त्याचा अर्थ फार सोपा लावला.

गोलकीपरला मागून सगळं मैदान दिसतं. दहा जणांच्या पाठी त्याच्यासमोर असतात. कोण जागा सोडतोय, धोका कुठून येतोय, हे त्याला आधी कळतं आणि तो ओरडत राहतो. त्यामुळे खेळ मला इतरांपेक्षा जास्त कळतो, अशी माझी ठाम समजूत झाली. मला दिसायचं जास्त, हे खरं. पण ऐंशीव्या मिनिटाला हाफच्या पायांत काय उरलेलं असतं, ते मी एकदाही अनुभवलेलं नव्हतं. मी मागून 'परत ये, परत ये' म्हणायचो, तो यायचा नाही, मी चिडायचो. मॅनेजर झाल्यावरही मला मुलांच्या जागा दिसायच्या, त्यांचा दम दिसायचा नाही.

खेळाडू म्हणून केलेली एकच चूक इथे सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिच्यातूनच आलं. १९९२ मध्ये नियम बदलला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, घेतला तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो लागू झाला आणि यथावकाश आमच्याकडेही आला. तोवर आमचा सगळा आराम त्या बॅकपासवर होता. बॅक अडचणीत आला की चेंडू माझ्याकडे, मी तो उचलणार, दोन वेळा टप्पा देणार, सगळ्यांना श्वास घेऊ देणार. नियम आल्यावर एका स्थानिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सवयीने मी चेंडू हातात घेतला, फ्री किक झाली आणि गोल बसला. माझ्या बरोबरीचे कीपर त्यानंतर पायाने खेळायला शिकले. मी शिकलो नाही. मी बॅकना बजावून ठेवलं की चेंडू माझ्याकडे द्यायचाच नाही, सरळ बाहेर मारायचा. आपल्याला जे येत नाही ते शिकण्याऐवजी तो प्रसंगच येऊ नये अशी व्यवस्था लावायची, ही सवय मला तिथे लागली. ती बूट काढल्यावर सुटली नाही.

खांदा वारंवार निखळायला लागला तेव्हा खेळ थांबवला आणि १७ वर्षांखालील मुलांचा एक संघ हाती घेतला. त्याच वर्षी, २००० च्या जूनमध्ये, युरोपियन चॅम्पियनशिप टीव्हीवर चालू होती. इटलीच्या बाकावर दिनो झोफ बसले होते. १९८२ साली चाळीस वर्षांच्या वयात, गोलकीपर आणि कर्णधार म्हणून विश्वचषक उचललेला माणूस. १९७२ ते १९७४ या काळात आंतरराष्ट्रीय सामन्यांत सलग ११४२ मिनिटं एकही गोल न खाल्लेला. आणि आता मॅनेजर. मला वाटलं, हा आपला रस्ता आहे.

नेदरलँड्सविरुद्धचा उपांत्य सामना मी रात्री जागून पाहिला. झांब्रोत्ताला पहिल्या अर्ध्यातच बाहेर काढलं, इटलीचे दहा जण उरले. डच संघाला खेळात दोन पेनल्टी मिळाल्या. एक तोल्दोने अडवली, दुसरी खांबाला लागली. सामना शून्य-शून्य राहिला आणि टायब्रेकरमध्ये इटली जिंकली. मी वहीत लिहून ठेवलं, 'असं खेळायचं.' मग अंतिम सामना झाला. इटली १-० ने पुढे होती, भरपाईच्या वेळेत विल्तोरने बरोबरी केली आणि जादा वेळेत त्रेझगेच्या गोल्डन गोलने फ्रान्स जिंकलं. इटलीचे राजकीय नेते बेर्लुस्कोनी यांनी झोफ यांच्यावर जाहीर टीका केली, झिदानला मोकळं सोडलं म्हणून. झोफ यांनी राजीनामा दिला.

त्या सामन्यातून दोन गोष्टी शिकता आल्या असत्या. मी तिसरीच शिकलो. मला वाटलं, इटलीचा बचाव अजून थोडा घट्ट असता तर काम झालं असतं. पुढची कित्येक वर्षं माझी मुलं आठ जण मागे ठेवून खेळली. आम्ही शून्य-शून्य करायचो आणि टायब्रेकरची वाट बघायचो. एक डावखुरा मुलगा होता, विंगवरून पळायला लागला की बॅकला हातही लावता यायचा नाही. त्याला मी लेफ्ट बॅक केलं. 'तू पळू शकतोस म्हणजे परत येऊ शकतोस,' असं त्याला सांगितलं. तो दोन हंगाम मुकाट्याने परत येत राहिला. पुढे नागपूरला कॉलेजात गेल्यावर तिथल्या सरांनी त्याला पहिल्याच आठवड्यात पुढे खेळवलं.

झोफ यांच्याकडे माल्दिनी, नेस्ता आणि कानावारो होते. जगातले सर्वांत चांगले बचावपटू हाती असताना बचावावर सामना उभा करणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. माझ्याकडे तसं कुणी नव्हतं. माझ्याकडे पळणारी पोरं होती, आणि मी त्यांना मागे बसवलं, कारण गोल खाण्याची भीती मला अजूनही गोलकीपरसारखीच वाटायची. गोलकीपर राहिलेला मॅनेजर असंच खेळवतो, असंही काही नाही. बेल्जियमचे रेमंड गोथाल्स गोलकीपर होते आणि त्यांचे संघ बचावाची रांग वर ढकलून ऑफसाइडचा सापळा लावण्यासाठी ओळखले जायचे. १९९३ मध्ये त्यांच्या मार्सेने मिलानला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. आपल्या महाराष्ट्रात हेन्री मेनेझिस गोलात उभे राहिले आणि पुढे त्यांनी राज्याच्या फुटबॉलचा कारभार पाहिला. कल्याण चौबे २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले, तेही गोलकीपरच. म्हणजे गोलातून बाहेर येऊन माणूस पुष्कळ काही होऊ शकतो. मी बराच काळ गोलातून बाहेर आलोच नव्हतो.

डावपेच चुकले तर पुढच्या हंगामात बदलता येतात. मुलांच्या बाबतीत जे चुकलं ते तसं बदलता आलं नाही.

शालेय फुटबॉलचा हंगाम आमच्याकडे भर पावसाळ्यात येतो. सुब्रतो कपचे सामने तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, मग नागपूर विभाग, मग राज्य, आणि नशीब असेल तर दिल्ली. १९६० पासून चालत आलेली स्पर्धा, खेड्यातल्या मुलाला दिल्लीचं मैदान दाखवू शकणारी. आणि हेच दिवस रोवणीचे. गोंदिया जिल्ह्यात खरीप म्हणजे धान. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकल्यावर तीन-साडेतीन आठवड्यांत ते उपटून बांधीत लावावे लागतात. त्याहून जुने झाले की फुटवे कमी येतात आणि पीक हातचं जातं. पाऊस पडला की सगळ्या गावाची रोवणी एकाच वेळी सुरू होते, मजूर मिळत नाही, मिळाला तर दर वाढलेला असतो. ज्याच्या घरी पैसा नाही त्याच्या घरची शाळकरी पोरं बांधीत उतरतात. चिखल तुडवायचा, पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहायच्या, बायकांच्या हाताशी पोचवायच्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी इथलाच आहे.

आमगावकडच्या एका खेड्यातून एक मुलगा सायकलने सरावाला यायचा. हाफला खेळायचा. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे बघायचा, जे मी कुणालाच शिकवू शकलो नव्हतो. जिल्ह्याच्या सामन्यांच्या तोंडावर तो म्हणाला, "सर, घरी रोवणं लागलं. थोडे दिवस येणं होणार नाही." मी त्याला नियम सांगितला. सरावाला नाही, तर सामन्याला नाही. नियम मीच केलेला होता आणि शिस्तीसाठी केलेला होता. सामन्याच्या दिवशी सकाळी तो आला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, तरी बूट घालून तयार. मी त्याच्या पायांकडे बघितलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "फुटबॉल कर नाही तर शेती कर." तो बाकावर बसून राहिला. आमचा मधला भाग त्या दिवशी उघडा पडला, आम्ही हरलो. ज्या मुलाला मी त्याच्या जागी खेळवलं, त्याच्याकडून चेंडू सुटत होता म्हणून हरलो, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. हाफ पुन्हा सरावाला आला नाही.

बऱ्याच वर्षांनी तो मला धान खरेदी केंद्रावर भेटला. पोत्यांची रांग होती, त्याचा नंबर यायचा होता. मला बघून उठून उभा राहिला, "सर, संघ कसा आहे?" म्हणून विचारलं. बोलता बोलता कळलं की त्या वर्षी त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि घरात उभा माणूस तोच होता. मी तेव्हा विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. इतकी साधी गोष्ट होती. त्याला मी त्या दिवशी चूक झाली असं म्हणालो. तो म्हणाला, "नाही सर, नियम तर नियमच होता." या उत्तराने मला बरं वाटलं नाही. माझा नियम त्याला अजून न्याय्य वाटतो, हे माझ्यासाठी जास्त वाईट होतं.

आता रोवणीच्या दिवसांत हजेरी धरत नाही. धावण्याचा आणि दमाचा सराव मे-जूनमध्ये पहाटे करून घेतो, आणि पाऊस लागला की ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने यावं. चिखलात दिवसभर राबलेल्या मुलाला वेगळा व्यायाम लागत नाही, त्याला झोप लागते. हे मला कळायला फार उशीर झाला.

दुसरा मुलगा गोलकीपर होता. त्याच्याबद्दल लिहिताना मला अजूनही जड जातं, कारण त्याला समजून घेणारा मैदानावर मी एकटाच असायला हवा होतो. मला ब्राझीलचा गोलकीपर बार्बोझा याची गोष्ट तोंडपाठ होती. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना, उरुग्वेच्या घिज्जियाने जवळच्या खांबाकडून मारलेला गोल, ब्राझील १-२ ने हरलं. पुढची पन्नास वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, देशाने त्या माणसाला तो गोल विसरू दिला नाही. मी मुलांना ही गोष्ट सांगायचो आणि म्हणायचो, कीपरला कधी एकटं पाडू नका. मग एका अंतिम सामन्यात पाऊस पडत होता, चेंडू ओला झालेला, लांबून आलेला साधा फटका माझ्या कीपरच्या हातांतून निसटून पायांमधून गेला. मी मध्यंतराचीही वाट बघितली नाही. लगेच बदली मागितली. त्याला गोलपासून बाकापर्यंत, सगळ्या प्रेक्षकांसमोरून, मैदानाच्या कडेने चालत यावं लागलं. तो आला आणि माझ्यापासून लांब बसला. मी त्याच्याकडे गेलो नाही.

का, ते मी पुष्कळ वेळा तपासलं आहे. दुसरा कीपर त्याच्यापेक्षा चांगला नव्हता. बदलीने सामन्यात काही फरक पडणार नव्हता, पडलाही नाही. त्याच्या हातून निसटलेला चेंडू मला माझा वाटला, आणि तो मला डोळ्यांसमोर नको होता. बॅकपास नको म्हणणारा मीच इथेही होतो.

१९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताचे प्रशिक्षक रहीमसाहेब यांनीही गोलकीपर बदलला होता. पीटर थंगराज आजारी होते म्हणून आधीच्या सामन्यांत प्रद्योत बर्मन खेळले, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात थंगराज परत आले. भारत २-१ ने जिंकून सुवर्णपदक घेऊन आला. मी याचा दाखला देऊन माझ्या बदलीचं समर्थन करत असे. पण दोन सामन्यांच्या मध्ये, शांतपणे, संघाचा विचार करून केलेली बदली आणि चुकीनंतर अर्ध्या मिनिटात दिलेली शिक्षा या एकसारख्या गोष्टी नाहीत. मैदानावरच्या मुलाला तो फरक लगेच कळतो.

काही दिवसांनी त्याची आई मैदानावर आली. मी फक्की मारत होतो. ती कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्याले काही बोललात का तुम्ही?" मी म्हटलं, "नाही." ते अक्षरशः खरं होतं. त्याला मी एक शब्दही बोललो नव्हतो.

तो पुढे काही दिवस स्टॉपर म्हणून खेळला. मग थांबला.

लहान मुलांच्या बाबतीतही मी माझंच लहानपण त्यांच्यावर लादलं. दहा-बारा वर्षांच्या पोरांना मोठ्या माणसांच्या गोलात उभं केलं. तो गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. त्या वयाच्या मुलाने उडी मारली तरी आडव्या दांडीला हात लागत नाही. वरून टाकलेला प्रत्येक चेंडू आत जाणार, आणि तो रोज घरी जाताना समजणार की आपल्याला हे जमत नाही. २०१८ मध्ये महासंघाने लहान मुलांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली. छोटं मैदान, छोटे गोल, कमी खेळाडू. तेव्हा मी माझ्या मुलांसाठी बांबूचे छोटे गोल करून घेतले. ते आधीही करता आले असते, बांबू काही तेव्हा नव्याने उगवले नाहीत. मुरमावर सूर मारायला लावणं हीदेखील अशीच गोष्ट. मी सोलून निघालो म्हणून त्यांनीही सोलून निघावं, असं मला वाटायचं. कोपर आधी टेकवायचं नाही, शरीराची बाजू क्रमाने जमिनीला लावायची, हे मला स्वतःलाच नीट येत नव्हतं. एका मुलाचं मनगट त्यात गेलं. तेव्हापासून गवताचा तुकडा किंवा भुसभुशीत केलेली माती असल्याशिवाय कुणाला सूर मारू देत नाही.

कोल्हापूरचा प्रवासही सांगितला पाहिजे. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून सुटते आणि राज्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायला एका दिवसाहून जास्त वेळ घेते. मुलं डब्यात दाटीवाटीने बसून, अर्धवट झोपून पोचली, आणि मी त्यांना त्याच संध्याकाळी कसून पळवलं, कारण बसून अंग आखडलं असेल असं मला वाटलं. दुसऱ्या सकाळी दोघांच्या पोटऱ्या आखडल्या आणि आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. वाटभर मुलं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या फुटबॉलच्या तालमींची नावं घेत होती. जिथे फुटबॉलसाठी पेठाच्या पेठा मैदानात लोटतात असं ऐकलं होतं, ते शाहू स्टेडियम त्यांना बघायचं होतं. मी रागावलेला होतो. म्हटलं, हरलेल्यांनी काही बघायचं नाही. त्यांना परतीच्या गाडीपर्यंत स्टेशनवर बसवून ठेवलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुन्हा कोल्हापूरला जाणं जमलं नसेल.

आता ती गोष्ट, जी मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. एका वर्षी माझ्याकडे एक धिप्पाड मुलगा आला. कागदावर तो १७ वर्षांखालील होता. मी त्याच्या मोठ्या भावाला ओळखत होतो, दोघांच्या वयातलं अंतर मला माहीत होतं, आणि कागद खरा असू शकत नाही हेही माहीत होतं. मॅनेजर म्हणून यादीवर माझी सही लागते. मी केली. मनाला समजावलं की दाखला मी बनवलेला नाही, मी फक्त जोडला आहे. तो त्या स्पर्धेत सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू घेऊन जात होता आणि आम्ही दोन फेऱ्या पुढे गेलो. मोठ्या स्पर्धांत आता डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. तिथे तो टिकला नसता. आमच्या पातळीवर कुणी हरकत घेतली नाही. ज्याची जागा गेली तो खऱ्या वयाचा मुलगा होता, वर्षभर एकही सराव न चुकवलेला. त्याला मी सांगितलं, तुझी शरीरयष्टी अजून झालेली नाही. म्हणजे त्याच्याशी खोटं बोललो, आणि खोट्याचं ओझंही त्याच्याच अंगावर टाकलं. इतर चुका मी अज्ञानाने, भीतीने, रागाने केल्या. ही मी जाणूनबुजून केली. गेल्या वर्षी त्या मुलाच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. तो आता नोकरीला आहे. त्याने ऐकून घेतलं, आणि मला माफ केलं असं काही म्हणाला नाही. त्याने म्हणायलाच हवं असंही नाही. आता शंका आली की मी पालकांना समोर बसवून विचारतो, आणि सही करत नाही. त्यामुळे दोन चांगले खेळाडू दुसऱ्या संघात गेले.

एवढं सगळं कळल्यावर माणूस सुधारतो असं मला वाटायचं. २०१९ मध्ये गोल किकचा नियम बदलला. चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर जाण्याची गरज उरली नाही, आपल्या बॅकला जवळच पास देता येतो. मुलं हे मोबाइलवर बघून माझ्याआधी शिकली. मला ते बघवत नव्हतं. गोलच्या इतक्या जवळ, समोरचा फॉरवर्ड टपलेला असताना, जवळचा पास! माझी जुनी जागा गोलमागची. सामना चालू असताना मी नकळत बाकावरून उठतो आणि जाळीच्या मागे जाऊन उभा राहतो. गेल्या हंगामात माझ्या कीपरने जवळच्या स्टॉपरला पास द्यायला पाय मागे नेला आणि मी मागून ओरडलो, "बाहेर मार!" तो अडखळला, चेंडू अर्धवट लागला, समोरच्याने तो तिथेच उचलून गोल केला. प्रेक्षक कीपरच्या नावाने ओरडले. या वेळी मी मध्यंतरात सगळ्या मुलांसमोर सांगितलं की तो गोल माझा होता.

सामना संपल्यावर कीपर हातमोजे काढत माझ्याकडे आला. "सर, एक सांगू? तुम्ही गोलमागे नका उभे राहू. तुम्ही मागे असले की मला समोरचं दिसत नाही." तो सोळा वर्षांचा आहे. त्याच्या वयाचा असताना मी कुठल्याही मोठ्या माणसाला असं म्हणू शकलो नसतो, आणि त्याला ते म्हणता आलं याचा मला आनंद झाला.

तेव्हापासून मी मध्यरेषेजवळच्या बाकावर बसतो. जवळचा पास द्यायचा की लांब मारायचा, हे कीपर आणि स्टॉपर आपसात ठरवतात. आठवड्यातून दोनदा आम्ही फक्त त्याचाच सराव करतो, आणि त्यात मीही पायाने खेळायला शिकतो आहे. सवय मात्र गेलेली नाही. समोरचा संघ चढून आला की मी अजूनही उठतो. म्हणून माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण प्रशिक्षकाला सांगून ठेवलं आहे की मी कॉर्नरच्या झेंड्याकडे निघालो की मोठ्याने हाक मारायची. परवाच्या सामन्यात त्याला दोनदा हाक मारावी लागली.